सात इंचांचे जंगल

भैरीच्या सड्याची वाटणी झाली ती आडवी झाली. कोल्हापूर जिल्ह्यात जमिनीच्या वाटण्या काही कमी झालेल्या नाहीत. त्यांपायी भाऊ भावाशी बोलायचे थांबले, बांधावर डोकी फुटली, कज्जे आज्याकडून नातवाकडे वारसाने आले. पण त्या सगळ्या वाटण्या उभ्या होत्या. बांधाच्या अलीकडचे तुझे, पलीकडचे माझे. भैरीच्या सड्याची वाटणी मात्र अशी झाली, की वरचे जंगलखात्याचे आणि खालचे कंपनीचे.

हा सडा राधानगरीच्या वरच्या अंगाला आहे. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे सपाट कातळ. त्यावर मातीचा थर, हिरड्या-जांभळीची झाडे, करवंदीच्या जाळ्या आणि तांबडे फुटता चरायला येणारे गवे. पायथ्याला सडेवाडी नावाची वस्ती आणि वस्तीला पाणी पाजणारा एक झरा. कातळाच्या पोटात बॉक्साइट आहे हे सरकारला ठाऊक होते, आणि कातळाच्या पाठीवर जंगल आहे हेही ठाऊक होते. फक्त या दोन गोष्टी सरकारच्या दोन वेगवेगळ्या खोल्यांना ठाऊक होत्या. त्यामुळे एका खोलीने 'हरितगर्भ मिनरल्स' या कंपनीला सड्याचा खाणपट्टा दिला आणि दुसऱ्या खोलीने तोच सडा 'संपूर्ण संरक्षित वनपृष्ठ' म्हणून जाहीर केला. दोन्ही हुकूम एकाच इमारतीतून, एकाच जिन्याने खाली उतरले. वाटेत त्यांची गाठ पडली नाही.

दोन्हींतला एक रद्द करावा, असे सुचवणारा एक कारकून निघाला. त्याला समजावण्यात आले, की हुकूम रद्द करणे म्हणजे तो चुकला होता असे मानणे, आणि हुकूम चुकत नसतात. फार तर त्यांच्यात समन्वय कमी पडतो. तेव्हा 'भूपृष्ठ-भूगर्भ समन्वय समिती' नेमण्यात आली. राजनंदिनी इंगवले मॅडम अध्यक्षा झाल्या. कंपनीच्या बाजूने तिचे व्यवस्थापक उदयसिंह सरनोबत आले, आणि जंगलाच्या बाजूने बोलायला वनपाल बाहुबली चौगुले यांना राधानगरीहून बोलावून घेण्यात आले.

बाहुबली हा कुरुंदवाडकडचा. अंगाने नावाच्या अगदी उलट. तोंडावर भांडायचे म्हटले की त्याचा आवाज बारीक होई, पण कागदावर तो वाघ होता. एखादी गोष्ट चुकीची चालली आहे असे दिसले, की तो रीतसर हरकत लिहून काढी, आणि नीट लिहिलेली हरकत साहेबाने वाचली की गोष्ट थांबते, यावर त्याची श्रद्धा होती. नोकरीत इतकी वर्षे काढूनही ती टिकली, याचे कारण त्याच्या हरकती आजवर कुणी वाचल्याच नव्हत्या.

समितीपुढे पहिलाच प्रश्न आला तो असा, की पृष्ठभाग म्हणजे किती खोल?

"नजर पोचती तिथवर पृष्ठभाग," उदयसिंह म्हणाले. "नजर काय जमिनीत शिरत न्हाय. म्हंजे शून्य इंच."

"झाडाचं मूळ जिथवर गेलंय तिथवर जंगलच की, साहेब," बाहुबली हळू आवाजात म्हणाला.

"तसं धरलं तर आमी खणायचं काय, ढग?"

मॅडमनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. मग त्यांनी मध्यममार्ग म्हणून आपला पंजा टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, "एक वीत."

आता वीत कुणाची, हा मुद्दा निघाला. उदयसिंहांचे तरुणपण तालमीत गेलेले. त्यांचा पंजा फावड्याएवढा. तो त्यांनी मोठ्या नम्रतेने टेबलाखाली घेतला. "अध्यक्षांचा मान," ते म्हणाले. मॅडमची वीत फूटपट्टीने मोजली, ती सात इंच भरली. सात इंचांपर्यंतची जमीन जंगल आणि त्याखालची खाण, असे ठरले, आणि ते ठरल्याच्या आनंदात सर्वांना वडा मिळाला.

वरच्या सात इंचांची राखण करायला एक अधिकारी हवा होता. मॅडमनी बाहुबलीकडे पाहिले.

"चौगुले, तुम्ही जैन ना? घरात कांदा-बटाटा चालतो?"

"न्हाय मॅडम. आईच्या वेळंपासनं जमिनीखालचं कायबी चालत न्हाय आमच्यात."

"उत्तम," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी नोंद करायला सांगितली, की सदर कर्मचाऱ्याचे भूगर्भात कोणतेही हितसंबंध नसल्याने त्यांना 'भूपृष्ठ संरक्षण अधिकारी' हा अतिरिक्त कार्यभार देण्यात येत आहे.

घरी आल्यावर त्याने ही बातमी बायकोला, चंदनाला सांगितली.

"बढती हाय व्हय?" तिने विचारले.

"बढती न्हवं. कार्यभार."

"म्हंजे पगार तितकाच आन बोलणी जास्त," चंदना म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

बोलणी लवकरच सुरू झाली. सडेवाडीच्या बुद्धविहारामागे चिमणाबाई कांबळे राहत असे. सड्याखाली तिची भाताची दोन खाचरे होती आणि ती त्या झऱ्यावर पिकत. दरसाल पेरणीआधी वर जाऊन झऱ्याच्या तोंडातला गाळ आणि कुजलेला पाला काढायचा, हे काम आधी तिची सासू करी, मग ती करू लागली. त्या वर्षीही ती गेली, पदर खोचला आणि हात आत घातला. तेवढ्यात कंपनीच्या पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. बाईचा हात खाणपट्ट्यात गेला आहे, अशी त्याची तक्रार होती. बाहुबलीला टेप घेऊन धावत जावे लागले.

"अक्का, हात किती आत गेलता?"

"खांद्यापतूर."

"तसं म्हणू नगा. सात इंच म्हणा."

"सात इंचात झरा गावतोय व्हय? मी काय तान्ही पोर हाय, एवढासा हात असायला?"

"हात तुमचाच हाय, अक्का. पण त्यो कुठल्या हद्दीत गेला ते मला बगाय लागतंय."

"आन बाहेर काढला तवा त्यात काय हुतं ते इचारा," पहारेकरी मधे बोलला. "गाळ हुता. गाळात खनिज असतंय."

चिमणाबाईने आपल्या हाताकडे पाहिले. खांद्यापर्यंत तांबडा चिखल माखला होता. ती दोन पावले पुढे झाली आणि तो सगळा हात तिने पहारेकऱ्याच्या इस्त्रीच्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत निपटला. "घे बाबा तुजं खनिज," ती म्हणाली.

बाहुबलीने पंचनामा केला: 'खनिज जागेवरच संबंधितांच्या ताब्यात परत देण्यात आले.' त्या दिवशी तो मनातल्या मनात हसत घरी गेला. कागद आपल्या बाजूने आहे, असे त्याला वाटत होते.

पण पंधरवड्याच्या आत कंपनीचे पत्र आले. त्यात म्हटले होते, की सड्यावरील झाडांनी आपली मुळे सात इंचांच्या मर्यादेबाहेर, म्हणजे कंपनीच्या हद्दीत, विनापरवाना नेली आहेत. काही हिरडे तर या बाबतीत सराईत आहेत. सबब हे अतिक्रमण काढून घ्यावे.

बाहुबलीने रात्रीचे जेवण अर्धवट टाकले आणि हरकत लिहायला बसला. त्याने लिहिले, की झाड ही एकसंध वस्तू आहे. खालून मुळे तोडली तर झाड पडेल, आणि झाड पडणे हे वनपृष्ठाचे नुकसान होय. हरकत अशी बिनतोड झाली होती, की त्याने ती चंदनाला दोनदा वाचून दाखवली.

आणि या खेपेला आक्रीत घडले. समितीने त्याची हरकत वाचली. नुसती वाचली नाही, पूर्णपणे मान्य केली. मॅडमनी फोन करून अभिनंदन केले.

"फार महत्त्वाचा मुद्दा काढलात, चौगुले. झाड पडता कामा नये. तशी अटच घातली आहे कंपनीला."

"म्हंजे मुळं तोडणार न्हाईत?"

"मुळं तोडणारच. पण झाड पडणार नाही, याची जबाबदारी कंपनीची."

बाहुबलीने दुसरी हरकत लिहिली: खालची जमीन काढून घेतली तर वरचे सात इंच अधांतरी राहतील आणि खचतील. तीही मान्य झाली. अट पडली, की वनपृष्ठ आपल्या जागेवरून तसूभरही हलता कामा नये.

मग शिरोलीच्या एमआयडीसीतून ट्रकांची रांग लागली. ट्रकांतून लोखंडी खांब आले, तुळया आल्या, जाड पत्रे आले. सड्याचे वरचे सात इंच माती-गवतासकट चौकोनी कापून काढले गेले, खाली खांब रोवून लोखंडी माळा उभारला गेला आणि ते चौकोन पुन्हा माळ्यावर आपापल्या जागी मांडण्यात आले. प्रत्येक झाडाच्या बुंध्याला लोखंडी कडे घालून ते माळ्याला बोल्टाने आवळले. झाडे आता पूर्वीपेक्षा सरळ उभी राहिली. माळ्याखाली खाण सुरू झाली. प्रत्येक खांबावर पांढऱ्या रंगात लिहिले होते, की तो कोणत्या अटीनुसार उभा आहे.

उदयसिंह स्वतः बाहुबलीला ते दाखवायला घेऊन गेले.

"चौगुले साहेब, खरं सांगू? तुमच्या हरकती आल्या म्हणून हे जमलं. न्हायतर आमी आपलं साधं खणलं असतं, लोकांनी बोंब मारली असती, काम बंद पडलं असतं. आता कोण कशाला बोलतंय? जंगल जाग्यावर हाय."

"जाग्यावर हाय," बाहुबली म्हणाला.

"अजून काय हरकत असली तर लिवा की. लाजू नगा. आमचा शिरोलीचा लोखंडवाला खूश हाय तुमच्यावर."

त्या रात्री बाहुबलीने काही लिहिले नाही. चंदनाने विचारले तेव्हा तो म्हणाला, "माझी हरकत म्हंजे त्यांच्या घराचा नकाशा व्हाय लागलाय."

मुळे नसलेली झाडे उन्हाळ्यात वाळली. गवत पिवळे पडले. याची समितीने गंभीर दखल घेतली, आणि वनपृष्ठाचा हिरवेपणा कायम राखण्याची अट कंपनीला घातली. कंपनीने रंगारी लावले. दोऱ्या बांधून ते फांद्याफांद्यांवर चढले आणि उरलीसुरली पाने फवाऱ्याने हिरवी करून उतरले. जिथे पानेच नव्हती तिथे त्यांनी हिरवी जाळी ताणली. पुढच्या पाहणीत उपग्रहाने कळवले, की सडा पूर्वीपेक्षा जास्त हिरवा झाला आहे. वैशाखातही हिरवा राहणारा तो जिल्ह्यातला एकमेव डोंगर होता.

झरा मात्र आटला. कातळाच्या ज्या पोटात पाणी मुरत होते, ते पोटच राहिले नव्हते. चिमणाबाई रिकामी घागर घेऊन बाहुबलीच्या कचेरीत आली. घागर तिने टेबलावर, कागदांच्या वरच ठेवली.

"अण्णा, पाणी कुणाचं?"

बाहुबलीने हा प्रश्न समितीला विचारलेला होता आणि उत्तरही आलेले होते. ते त्याने खाली मान घालून सांगितले. "जमिनीत हाय तवर कंपनीचं. झऱ्यातनं बाहेर आलं की जंगलाचं. तुमच्या खाचरात उतरलं की तुमचं."

"मग?"

"ते बाहेरच येत न्हाय, त्यामुळं तुमचा हक्क अजून सुरू झाला न्हाय, असं म्हणत्यात."

"आन त्यो टँकर रोज वर जातोय, त्यो कुणासाठी?"

"त्यो झाडांसाठी. वनपृष्ठाला पाणी घालायची अट हाय."

"मेलेल्या झाडास्नी?"

"ती मेल्याची नोंद न्हाय, अक्का. पडली न्हाईत न्हवं अजून."

चिमणाबाईने घागरीकडे हात नेला. ती चिडली असती तर त्याला बरे वाटले असते. "तुमी माणूस वंगाळ न्हाईसा, अण्णा," ती म्हणाली. "पण तुमी एवढं लिवलंसा की आमाला प्याला थेंब ऱ्हायला न्हाय." आणि घागर उचलून निघून गेली. टेबलावरच्या कागदांवर घागरीच्या बुडाचा धुळीचा कोरडा गोल उमटला होता. बाहुबलीने तो पुसला नाही.

पावसाळा सरला आणि एका सकाळी गवा पडला.

कळप नेहमीच्या वाटेने सड्यावर आला होता. कुठल्याही गव्याला समितीचे इतिवृत्त मिळालेले नव्हते. पुढचा थोराड नर हिरवा रंग हुंगत माळ्याच्या मधोमध गेला, तिथला गंजलेला पत्रा त्याच्या वजनाने वाकला आणि तो चौकोनासकट खाली खाणीतल्या एका खोल खड्ड्यात गेला. बाहुबली पोचला तेव्हा गवा खड्ड्यात उभा होता. जिवंत होता, एक गुडघा फुटला होता. नाकातून फुसकारे टाकत तो भिंतीला धडका देत होता. वर कडेला कळप थांबलेला. सडेवाडीची माणसे लांब उभी होती.

बाहुबलीने मॅडमना फोन लावला.

"गवा नेमका कुठे आहे, चौगुले?"

"खड्ड्यात हाय, मॅडम."

"सात इंचांच्या वर की खाली?"

"शिंगाचं टोकसुदा खाली हाय."

"मग तो आपल्या कक्षेत येत नाही. कंपनीला कळवा."

कंपनी समोरच उभी होती. उदयसिंहांनी डोक्यावरचे पिवळे शिरस्त्राण काढून घाम पुसला. "साहेब, आमचा पट्टा बॉक्साइटचा. गवा बॉक्साइटात बसत न्हाय."

"मग कशात बसतोय?"

"फार तर गौण खनिजात बसंल. त्याचं खातं येगळं."

ते खातेही बाहुबलीने फोनवर गाठले. तिकडच्या माणसाने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि सांगितले, "खनिज आहे की नाही, हे असं फोनवर कसं सांगणार? अर्धा किलो नमुना पाठवा. तपासून कळवतो."

बाहुबलीने फोन खिशात ठेवला. सवयीने त्याचा हात पेनाकडे गेला होता. तेवढ्यात चिमणाबाई गर्दीतून पुढे आली. तिने काखेतला गवताचा भारा खाली खड्ड्यात सोडला. गव्याने तिकडे पाहिलेही नाही.

"अण्णा, लिवून झालं असंल तर खाली उतरा की," ती म्हणाली. "ते मुकं जनावर हाय. त्याला कुठलं ठावं, कुणाचं वर आन कुणाचं खाली?"

ज्याच्या घराण्यात जमिनीखालचा मुळादेखील ताटात येत नव्हता, तो बाहुबली चौगुले खाणीच्या लांबच्या तोंडाने आत उतरला. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिथे गेला होता. आत ओल्या तांबड्या मातीचा वास होता. वर पाहिले तर जंगल उलट्या बाजूने दिसत होते: पत्रे, बोल्ट आणि त्यांच्यामधून लोंबणारे मुळांचे तुटके शेंडे, गाठी पडलेल्या जुन्या दोरासारखे. खांबाखांबावर त्याच्या हरकती रंगवून ठेवल्या होत्या. 'झाड पडणार नाही.' 'पृष्ठ हलणार नाही.' शब्द त्याचेच होते. त्याला आपल्या अक्षरांची पहिल्यांदा लाज वाटली.

कोपऱ्यात जेसीबी उभा होता. बाहुबली चालकाला म्हणाला, "पलीकडची भिंत उतरती काप. गव्याला चढून जाता येईल अशी."

"ऑर्डर कुठं हाय, साहेब?"

"ऑर्डर न्हाय."

"निदान साध्या कागदावर लिवून द्या दोन ओळी."

"कागद न्हाय देणार," बाहुबली म्हणाला, आणि मग आपलाच आवाज एवढा मोठा निघालेला ऐकून दचकला. "मी सांगतोय म्हणून काप!"

चालकाने त्याच्याकडे पाहिले आणि यंत्र सुरू केले. भिंत उतरू लागली तसा गवा मागे सरला, थरथरला, पुन्हा फुसकारला. उतार तयार झाल्यावर चालकाने यंत्र बंद केले. गवा बराच वेळ हललाच नाही. मग लंगडत, दोनदा घसरत तो वर चढला, उजेडात आला आणि कळपाकडे न जाता सरळ डोंगर उतरून चिमणाबाईच्या कोरड्या खाचरात जाऊन बसला. चिमणाबाईने त्याला उठवले नाही. "बसू दे," ती म्हणाली. "तसंबी तिथं दुसरं काय येत न्हाय."

आठवड्यात बाहुबलीला नोटीस मिळाली. त्याच्यावर तीन आरोप होते. एक, खाणपट्ट्यात विनापरवाना उत्खनन केले. दोन, जमिनीखालून एक नग (गवा) वाहतूक पासाशिवाय पृष्ठभागावर आणला. तिसरा आरोप सर्वांत गंभीर होता: हे सर्व तोंडी केले.

"मग काय करणार?" चंदनाने विचारले.

"काय न्हाय. खुलासा लिवणार न्हाय."

"तुमी? लिवणार न्हाय?" चंदनाने पोळपाट बाजूला सारला आणि त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले.

नोकरी जायचीच, पण जेसीबीच्या चालकाने मोबाइलवर गवा वर चढतानाचे चित्रण केले होते. ते कोल्हापुरात घराघरांत पोचले. गव्यापेक्षाही लोकांना त्याच्यामागे दिसणारे, लोखंडी खांबांवर उभे असलेले हिरवे जंगल फार आवडले. पुढच्याच रविवारी ते बघायला गाड्या आल्या. कंपनीने लगेच कठडे बसवले आणि 'अधांतरी वन' अशी पाटी लावली. लोक कुटुंबासह येत, माळ्यावर सतरंजी पसरत, रंगवलेल्या जांभळीला टेकून फोटो काढत आणि म्हणत, "बघा, मनात आणलं तर विकास आन निसर्ग दोन्ही व्हतंय." बाहुबलीसोबत फोटो काढायला तर रांग लागे. ज्याच्याबरोबर लोकांना फोटो काढायचा आहे, त्या माणसाला निलंबित करता येत नाही. समितीने आरोप तात्पुरते बाजूला ठेवले आणि त्याला पर्यटकांच्या स्वागतावर नेमले.

त्यानंतर शेजारच्या सड्यावर हीच योजना राबवायचे ठरले आणि त्यासाठी जनसुनावणी जाहीर झाली. बघायला येणारे बहुतेक शहरातले, म्हणून सुनावणी कोल्हापुरात एका मोठ्या सभागृहात ठेवली. बाहुबलीला तिचे इतिवृत्त लिहायला बसवले. सभागृह तुडुंब भरले होते. कुणी गाड्या लावायला जागा मागितली, कुणी स्वच्छतागृह मागितले, वर मोबाइलला रेंज नाही अशी एका गृहस्थाने कळकळीची तक्रार केली.

शेवटी चिमणाबाई उठली. ती सकाळच्या एसटीने एकटीच आली होती. तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि स्वतः पाहिलेले, बाहुबलीकडून ऐकलेले, पहिल्यापासून सगळे सांगितले: मॅडमची वीत, पहारेकऱ्याचा शर्ट, सराईत हिरडे, रंगारी, अर्धा किलो गवा. मॅडम समोरच बसल्या आहेत याची तिने पर्वा केली नाही. सभागृह आधी गालात हसले, मग मोकळेपणाने हसले, मग लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. बायका डोळे पुसू लागल्या. मॅडमनाही हसू आवरले नाही. "नाद खुळा, आजी!" मागून कुणीतरी ओरडले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

चिमणाबाई हसली नाही. टाळ्या संपेपर्यंत ती थांबली.

"झालं हसून?" ती म्हणाली. "मग आता माझ्या झऱ्याचं सांगा."

सभागृहात खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. कुणी घड्याळ पाहिले, कुणी गाडीची किल्ली चाचपली. चहा बाहेर ठेवला आहे असे जाहीर झाले आणि दारात गर्दी झाली. जाता जाता पुष्कळांनी चिमणाबाईला वाकून नमस्कार केला. एका तरुणीने तिच्या खांद्यावर हात टाकून फोटोही काढला.

सभागृह रिकामे झाल्यावर बाहुबली कागद घेऊन मॅडमजवळ गेला.

"मॅडम, हरकत एक आली. सूचना पुष्कळ. पण जे नुसते हसले, त्यांना कुठं लिवू?"

"हसण्याचा रकाना नाही, चौगुले."

"पण त्यास्नी सगळं कळलंय, मॅडम. कळल्याबिगर एवढं हसू येत न्हाय."

"कळूनही हरकत घेतली नाही म्हणजे संमती झाली," मॅडम पर्स उचलत म्हणाल्या. "इथे आलेले घ्या, न आलेले घ्या, पुढे कुणाकडून ऐकतील ते घ्या."

"आन कोण कुठं वाचून हसलं तर?"

"अहो, तेच तर जास्त असतात."

बाहुबली खाली बसला, पेनाचे टोपण काढले आणि त्याने तुम्हाला संमतीत धरले.